काढा घरातला, चहा रस्त्यावरचा : वऱ्हाडातल्या हिवाळी चहामागची गोष्ट

डिसेंबर लागला की मोबाइलवर तोच मजकूर फिरू लागतो : थंडीत पुरुषांनी हे हे चहा प्यावेत. आल्याचा, तुळशीचा, दालचिनीचा, अश्वगंधेचा, शिवाय ग्रीन टी. अकोटाकडच्या एखाद्या टपरीवर बसून हा मजकूर वाचणारा गडी दिवसाकाठी पाच-सहा कट चहा पितोच आहे. त्यात दूध आणि साखर भरपूर, आलं पडलं तर नशीब. त्याला नवीन काय सांगितलं जातंय, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. कारण या मजकुरात काढा आणि चहा यांची गाठ मारली आहे, आणि आपल्या खेड्यांत या दोन गोष्टी अगदी वेगळ्या वाटांनी आल्या.

काढ्याची वाट जुनी. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, काढ्याचं मापच दिलंय : औषधाच्या सोळापट पाणी घालायचं आणि आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं. सुंठ, मिरे, पिंपळी मिळून त्रिकटू. त्यात तुळस, वरून गूळ. हा काढा चुलीवर व्हायचा, आजीच्या हातचा असायचा आणि पिणाऱ्याला खोकला किंवा ताप असायचा. बऱ्या माणसाला रोज दोन वेळा काढा पाजण्याची रीत नव्हती. तोंड वाकडं करून एकदा प्यायचा आणि सुटायचं. गवती चहा परसात असायचा, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढायचा. त्या गवताचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही. चहा गावात रुळल्यावरच त्याला हे नाव पडलं असणार.

थंडीत पुरुषाला बळ यावं म्हणून जे दिलं जायचं, ते पेय नव्हतंच. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, उडीद, तीळ, तूप. चरकाच्या ऋतुचर्येतही हेमंतात भूक तेज असते म्हणून जड, स्निग्ध खायला सांगितलंय : दूध, उसाचे पदार्थ, नवा तांदूळ आणि प्यायला गरम पाणी. उपाशीपोटी काही उकळून पिऊन वेळ मारून नेण्याचा सल्ला त्यात कुठंही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण चहा खेड्यात आला तो नेमका उलट कामासाठी.

आसामात चहाची रानटी झाडं १८२३ साली इंग्रजांच्या नजरेस पडली आणि १८३९ मध्ये आसाम कंपनी उभी राहिली. पण तो सगळा माल विलायतेला जायचा. वऱ्हाडाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. वऱ्हाडातून बाहेर जायचा तो कापूस. त्या कापसासाठी रेल्वे आली, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचली. खामगावसारख्या कापसाच्या पेठेला स्वतंत्र फाटा मिळाला. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. स्टेशन, जिनिंग, मिलचं फाटक, कापसाचा बाजार. चहा पुढं ज्या ज्या ठिकाणी रुजला ती ही ठिकाणं, आणि तिथं गर्दी गड्यांची.

तो रुजवण्यात आला, हेही सांगायला हवं. १९०३ मध्ये सरकारनं निर्यातीच्या चहावर उपकर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचाराला लावला. पुढं १९३३ चा आंतरराष्ट्रीय चहा करार झाला. जगात भाव पडले होते म्हणून निर्यातीला मर्यादा घातली गेली. उरलेला माल खपवायचा कुठं? इथल्याच माणसांच्या गळ्यात. स्टेशनांवर जाहिराती लागल्या, बाजारांत करून दाखवलेला चहा वाटला गेला, गिरण्यांत चहाची सोय झाली. चहा प्यायलेला मजूर तरतरीत राहतो आणि भुकेची आठवण थोडी पुढं ढकलतो, हे मालकांना कळायला वेळ लागला नाही.

त्याच सुमारास, १९३६ मध्ये, वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजी राहायला आले. चहा त्यांना पसंत नव्हता. आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ मध्ये त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहायला घेतली, त्यात चहा, कॉफी आणि कोको यांची शरीराला गरज नाही असं स्पष्ट म्हटलंय. चीनमध्ये पाणी नीट उकळलं की नाही हे रंगावरून कळावं म्हणून ही पानं टाकत, अशी एक मजेशीर हकीकतही ते सांगतात. उकळत्या पाण्यानं पानं नुसती धुतली जावीत, पाणी पेंढ्याच्या रंगाचं व्हावं, तेवढा चहा बाधत नाही. आपण उकळतो तसा मात्र बाधतो, असं त्यांचं म्हणणं. सेवाग्रामच्या आजूबाजूच्या गावांत ते किती ऐकलं गेलं, हे कोणत्याही सकाळी चौकात उभं राहिलं की दिसतं.

एका अर्थी गांधीजींचा पराभव यंत्रानं केला. १९३० च्या सुमारास आसामात चहाची पानं चिरडून, फाडून त्यांच्या गोळ्या करणारं यंत्र निघालं. ज्याला आज सीटीसी म्हणतात तो हा चहा. स्वातंत्र्यानंतर तो पसरला. थोड्या भुकटीत रंग गडद, दूध घातलं तरी चव टिकते, आणि एका पुडीत घरभराचा चहा. पेंढ्याच्या रंगाचा चहा करायला पानं महाग पडतात. भुकटी गरिबाला परवडते. आपला दुधाळ, गोड, खूप उकळलेला चहा ही आवड वाटते खरी, पण तिच्या मुळाशी हिशेब आहे. दूध नसलं तर काळा चहा, साखर संपली तर गुळाचा. आज शहरात फलक लावून विकला जाणारा गुळाचा चहा आमच्याकडे पाहुण्यापासून लपवायची गोष्ट होती.

हिवाळा, पुरुष आणि चहा यांचा संबंध घट्ट केला तो कापसानंच. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस विकायचा तो सरकारी संकलन केंद्रावरच. हंगाम ऐन थंडीचा. बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, काटा कधी होईल याचा नेम नाही. रात्र गाडीखाली काढायची, बैलांवर झूल, आपल्यावर घोंगडं. भाकरी पहिल्या दिवशीच संपायची, मग उरायचा चहा. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हातात पडला की टपरीची उधारी आधी फिटायची. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांना ‘थंडीत चहा तब्येतीला चांगला का’ असं विचारलं तर ते हसतात. तो तब्येतीसाठी कोण पीत होतं?

आता रांगा गेल्या, जागरण राहिलं. हरभरा, गहू ओलिताचे. शेतीची लाईन, म्हणजे वीज, आळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की मोटर चालू करायला, पाणी फिरवायला वावरात जाणारा बहुतेक वेळा गडीमाणूसच. पाय चिखलात, अंगावर ओला वारा, वर सापाची आणि रानडुकराची धास्ती. धुऱ्यावर तुराट्यांची शेकोटी आणि थर्मासातला चहा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. जिथं ती पोचली नाही तिथल्या पुरुषांच्या हिवाळी आरोग्याबद्दल बोलायचं तर आल्याच्या आधी विजेचं वेळापत्रक काढावं लागेल.

काढ्यानं पुन्हा उचल खाल्ली ती २०२० मध्ये. कोरोनाच्या पहिल्याच महिन्यांत आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ, काळी मिरी यांचं चूर्ण ‘आयुष क्वाथ’ म्हणून सुचवलं : चार भाग तुळस, दोन दालचिनी, दोन सुंठ, एक मिरी. तेव्हापासून आजारपणातला काढा निरोग्याच्या कपात आला आणि त्याला चहा म्हणू लागले. पुरुषांचा वेगळा चहा ही त्याही पुढची गोष्ट, बाजाराची. अश्वगंधा चरकाच्या बल्य आणि बृंहणीय गणांत, म्हणजे बळ देणाऱ्या आणि अंग भरणाऱ्या औषधांत आहे, ते खरं. पण ती दुधातुपातून घ्यायची वनस्पती, पिशवी बुडवून तीन मिनिटांत प्यायची नव्हे. पुरुषशक्तीच्या नावावर सफेद मुसळीचंही आपल्या भागात मोठं वारं आलं होतं. बेणं महाग घेऊन लावलेल्यांचे हात पोळले. त्या मानानं अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हाऱ्याकडची पानपिंपळी बिचारी मुकाट्यानं पिकत राहिली. बारी समाजानं पानमळ्यांसोबत जपलेलं हे पीक. त्रिकटूतली पिंपळी आपल्याच तालुक्यातून बाहेर जाते आणि रंगीत डब्यातून परत येते.

या चहांनी खरंच काय होतं? आल्यानं घसा मोकळा वाटतो, मळमळ कमी होते. गवती चहात कॅफीन नाही, म्हणून रात्री झोप मोडत नाही. ग्रीन टी आणि आपली भुकटी एकाच झाडाची. फरक पान आंबवण्याचा. कप-दोन कप ग्रीन टीनं बिघडत नाही, पण अर्काच्या गोळ्यांचं तसं नाही : त्यातले कॅटेचिन, म्हणजे चहाच्या पानातली द्रव्यं, दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झाले तर यकृतावर ताण दिसू शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये नोंदवलं. अश्वगंधेवर डेन्मार्कनं २०२३ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे ती चालते, तरी थायरॉइडच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं डॉक्टरला विचारूनच घ्यावी. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. पासष्ट अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये म्हटलं. बशीत ओतून फुंकर मारून पिणारे आपले आजोबा त्या बाबतीत बरे होते. आणि टपरीवर चहाच्या जोडीला जो सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो, त्यातल्या तंबाखूवर तुळस, दालचिनी, अश्वगंधा यांपैकी कशाचाच उतारा नाही.