चूक चालकाची, कपात प्रवाशाची?

पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ टेम्पो आणि टॅक्सीची धडक होऊन टॅक्सीचालक व मागे बसलेला प्रवासी दोघेही जखमी झाले आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने टेम्पोचालकाचा दोष ७० टक्के, टॅक्सीचालकाचा ३० टक्के ठरवला, असे समजू. दोष दोन्हीकडे असला, तरी या दोन जखमींच्या भरपाईचा हिशेब सारखा होत नाही.

टॅक्सीचालकाच्या दाव्यात हा अंशदायी निष्काळजीपणा ठरतो, कारण स्वतःच्या इजेला त्याचाही हातभार लागलेला असतो. भरपाई १० लाख निघाली, तर त्याच्या हाती ७ लाखच पडतील. तो मृत्यू पावला असता, तर वारसांच्या रकमेतूनही तेवढीच कपात झाली असती. म्हणून ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, फुटलेली काच कोणत्या मार्गिकेत पडली, या पंचनाम्यातील नोंदींना त्याच्या दाव्यात फार मोल असते. केवळ परवाना नव्हता एवढ्यावरून मात्र दोष चिकटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुधीर कुमार राणा प्रकरणात २००८ मध्ये सांगितले आहे.

प्रवाशाने मात्र काहीच चुकीचे केलेले नसते. त्याच्या दृष्टीने हा दोन चालकांचा संयुक्त निष्काळजीपणा होय, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या खेन्येई प्रकरणातील २०१५ च्या निकालानुसार तो दोघांपैकी कोणाही एका पक्षाकडून संपूर्ण रक्कम वसूल करू शकतो. टेम्पोच्या विमा कंपनीने पूर्ण १० लाख भरले, तर ३० टक्के टॅक्सीच्या बाजूकडून परत मिळवणे हा तिचा प्रश्न. प्रवाशाने त्यासाठी थांबायचे कारण नाही. तरीही तडजोडीच्या बोलण्यांत ‘चूक दोघांची होती, कमी रकमेवर मिटवा’ असे एखाद्या जखमी प्रवाशाला ऐकवले जाते आणि रुग्णालयाच्या बिलांनी टेकीला आलेले कुटुंब मान डोलावते, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. दाव्यात दोन्ही वाहनांचे मालक व विमा कंपन्या यांना सामनेवाले केले, तर त्यांच्यातील वाटणीही त्याच निकालात होऊ शकते.

प्रवाशाचा स्वतःचा दोष असूच शकत नाही, असे नाही. चालत्या बसमधून उडी मारणाऱ्याची रक्कम कमी होऊ शकते. पण त्या कृतीचा अपघाताशी किंवा इजेशी संबंध दिसला पाहिजे. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात मोटारसायकलवर तिघे बसले होते म्हणून मागे बसलेल्या मृताच्या भरपाईतून उच्च न्यायालयाने १० टक्के कापले होते. तसा संबंध सिद्ध न झाल्याने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली.