सन ऑफ सॅम खून प्रकरण : 'मारेकरी एकटाच होता' या निष्कर्षावरच्या शंका

न्यूयॉर्क शहरात जुलै १९७६ ते जुलै १९७७ या वर्षभरात रात्रीच्या वेळी तरुण-तरुणींवर गोळ्या झाडल्याचे आठ प्रकार झाले. कोणी पार्क केलेल्या गाडीत बसलेलं, कोणी घराच्या दारात गप्पा मारत उभं, एक मुलगी तर कॉलेजातून चालत घरी निघालेली. दोन घटना ब्राँक्समध्ये, पाच क्वीन्समध्ये, शेवटची ब्रुकलिनमध्ये. ६ जण मेले, ७ जखमी झाले, त्यातली एक मुलगी कायमची पांगळी झाली आणि शेवटच्या हल्ल्यातल्या मुलाची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. १० ऑगस्ट १९७७ ला न्यूयॉर्कला लागून असलेल्या याँकर्समध्ये डेव्हिड बर्कोविट्झ ('सन ऑफ सॅम' हे नाव मारेकऱ्याच्या पत्रांतून आलेलं) या २४ वर्षांच्या पोस्ट खात्यातल्या कर्मचाऱ्याला पकडलं, त्याने काही तासांत सगळं कबूल केलं, आणि पोलिसांच्या लेखी केस तिथेच संपली. शंका त्यानंतर सुरू झाल्या आणि अजूनही पूर्ण मिटलेल्या नाहीत.

या शंकांबद्दल लिहिताना बहुतेक जण दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. पहिला प्रश्न साधा आहे, आठही ठिकाणी गोळी झाडणारा माणूस एकच होता का. दुसरा फार मोठा, बर्कोविट्झच्या मागे सैतानपूजकांची देशभर पसरलेली टोळी होती का. पहिल्या प्रश्नाला थोडाफार आधार साक्षीदारांच्या जबान्यांमध्ये सापडतो, दुसऱ्याला मिळतो तो मुख्यतः खुद्द बर्कोविट्झच्या बोलण्यातून आणि मॉरी टेरी या पत्रकाराने जोडलेल्या धाग्यांतून. म्हणून इथे ते वेगवेगळे घेतलेत.

आधी बंदूक. हत्यार म्हणजे चार्टर आर्म्स कंपनीचं बुलडॉग, .४४ कॅलिबरचं, पाच गोळ्यांचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. १० मार्च १९७७ ला महापौर एब बीम आणि पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की ब्राँक्समधला पहिला खून आणि दोन दिवसांपूर्वीचा फॉरेस्ट हिल्समधला खून एकाच बंदुकीने झालाय. पुढे जी कागदपत्रं बाहेर आली त्यावरून दिसतं की पोलिसांना तसा दाट संशय होता पण पुरावा तेवढा पक्का नव्हता. हे तांत्रिक वाटलं तरी समजून घ्यायला हवं. नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आणि त्यातले काही ओरखडे फक्त मॉडेल सांगतात (म्हणजे ही गोळी बुलडॉगमधून सुटली असावी) तर काही अगदी त्या एका नळीची ओळख पटवतात. मऊ शिशाची जड गोळी हाडावर नाहीतर गाडीच्या पत्र्यावर आदळली की चेपते, आणि मग दुसऱ्या प्रकारच्या बारीक खुणा वाचता येत नाहीत. ऑक्टोबर १९७६ च्या फ्लशिंगमधल्या हल्ल्यातल्या गोळ्या अशाच बिघडलेल्या होत्या, इतक्या की पोलिसांनी सुरुवातीला ती घटना बाकीच्यांशी जोडलीही नव्हती. सगळीकडे .४४ हा समान धागा होता एवढं नक्की. आणि समजा सगळ्या गोळ्या एकाच नळीतल्या ठरल्या असत्या, तरी ती बंदूक दर वेळी कोणाच्या हातात होती ते गोळीवरून कळत नाही. टेरीचा मुद्दा हाच होता आणि तो तर्काला धरून आहे, फक्त बंदूक फिरत होती याचा वेगळा पुरावा मात्र त्याच्यापाशी नव्हता.

साक्षीदारांच्या वर्णनावरून काढलेल्या स्केचेसचा मुद्दा जास्त वजनदार. पहिल्या हल्ल्यातून वाचलेल्या मुलीने तिशीतला, कुरळ्या केसांचा गोरा माणूस सांगितला, हे वर्णन बर्कोविट्झशी ठीकठाक जुळतं. नोव्हेंबर १९७६ मध्ये क्वीन्समध्ये दोन मैत्रिणींवर हल्ला झाला तेव्हा मिलिटरीसारखे कपडे घातलेला तरुण होता असं सांगितलं गेलं, केसांच्या रंगावर मात्र साक्षीदारांचं एकमत नव्हतं. मार्च १९७७ च्या खुनानंतर विणलेली टोपी घातलेला, जेमतेम १६-१८ वर्षांचा वाटणारा मुलगा पळताना दिसला. शेवटच्या रात्री समोरच्या गाडीतून एका तरुणाने हल्लेखोराला बऱ्यापैकी जवळून पाहिलं आणि त्याने सांगितलेले केस फिकट, विस्कटलेले, विगसारखे. बर्कोविट्झ मध्यम उंचीचा, भरलेल्या अंगाचा, काळ्या कुरळ्या केसांचा. ही सगळी चित्रं शेजारी ठेवली तर एकाच माणसाची वाटत नाहीत, हे ज्यांनी ती पाहिलीत ते कबूल करतात.

तेव्हा पोलिसांनी उत्तर दिलं की मारेकरी विग वापरत असावा. साक्षीदारांच्या आठवणीवर काम करणारे अभ्यासक वेगळं उत्तर देतात आणि ते जास्त पटतं. अंधार, काही सेकंदांचा वेळ, समोर रोखलेली बंदूक, अशा वेळी नजर बंदुकीवर खिळते आणि चेहरा नीट टिपला जात नाही, शिवाय स्केच काढताना आठवणीतल्या रिकाम्या जागा अंदाजाने भरल्या जातात. त्यामुळे स्केचेस वेगळी आली म्हणून माणसंही वेगळी होती असं म्हणता येत नाही. पण टोपीवाला मुलगा मारेकरीच होता की नुसता वाटेत आलेला कोणी, हे कोर्टात कधी तपासलंच गेलं नाही हेही तितकंच खरं.

ब्रुकलिनच्या रात्रीचा हिशोब म्हणजे टेरीच्या मांडणीचा कणा. ३१ जुलै १९७७, पहाट व्हायच्या आधी साधारण अडीचचा सुमार. बर्कोविट्झची फोर्ड गॅलेक्सी फायर हायड्रंटजवळ उभी होती म्हणून गोळीबाराच्या जवळपास अर्धा तास आधी तिच्यावर पार्किंगचं तिकीट लागलं, आणि त्याच तिकिटावरून तो पुढे सापडला. कुत्र्याला फिरवून परतणाऱ्या एका बाईने गाडीजवळच्या रस्त्यावर एका माणसाला पाहिलं, त्याच्या हातात काहीतरी गडद वस्तू होती, आणि ती घरी पोचल्यावर थोड्याच वेळात गोळ्यांचा आवाज आला. टेरीचं म्हणणं असं की तिने पाहिलेला माणूस बर्कोविट्झ असेल तर तेवढ्या मिनिटांत काही ब्लॉक लांब असलेल्या पार्कपर्यंत पोचून, दबा धरून गोळ्या झाडणं त्याला जमलं नसतं. त्यात आणखी एका पिवळ्या फोक्सवॅगनची भर, जी घटनास्थळाजवळून दिवे न लावता सुसाट गेल्याचं सांगितलं गेलं. हा हिशोब प्रामाणिकपणे केलेला आहे, पण पूर्ण उभा आहे तो मध्यरात्री घड्याळ न बघता सांगितलेल्या मिनिटांवर, आणि तीन-चार मिनिटं इकडची तिकडे झाली तरी बर्कोविट्झ आरामात पोचतो.

पत्रांचं थोडक्यात. पहिलं पत्र एप्रिल १९७७ मध्ये ब्राँक्समधल्या दुहेरी खुनाच्या जागी सापडलं, पोलीस कॅप्टन जोसेफ बोरेली यांच्या नावाने. दुसरं डेली न्यूजचे स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन यांना आलं, आणि ते अक्षरांची ठेवण, भाषा, मांडणी सगळ्यात जास्त सफाईदार. त्यात काही टोपणनावं होती, त्यातलं 'जॉन व्हीटीज' हे बर्कोविट्झच्या मागच्या घरात राहणाऱ्या सॅम कार यांचा मुलगा जॉन याचं टोपणनाव निघालं. सॅम कार म्हणजे तेच, ज्यांच्या कुत्र्यात शिरलेला राक्षस आपल्याला हुकूम देतो असं बर्कोविट्झने आधी सांगितलं होतं. जॉन फेब्रुवारी १९७८ मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉटमध्ये गोळी लागून मेला, भाऊ मायकेल ऑक्टोबर १९७९ मध्ये मॅनहॅटनमध्ये गाडीच्या अपघातात. दोघांवरही कधी कुठला आरोप ठेवला गेला नाही. शेजाऱ्यावर खार खाऊन असलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या मुलाचं टोपणनाव माहीत असणं यात नवल नाही, त्यामुळे एवढ्यावरून मेलेल्या दोन माणसांना खुनी ठरवणं अन्यायाचं आहे.

बर्कोविट्झचा शब्द किती धरायचा हा खरा अडसर. १९७७ मध्ये राक्षस आणि कुत्रा, फेब्रुवारी १९७९ मध्ये तुरुंगात पत्रकारांसमोर 'ती गोष्ट बनावट होती', आणि १९९३ मध्ये टेरीला दिलेल्या मुलाखतीत तिसरंच, की आपण एका पंथात होतो आणि स्वतः फक्त पहिला खून आणि एप्रिलमधले दोन असे तीनच खून केले. एफबीआयचे रॉबर्ट रेस्लर यांनीही त्याची मुलाखत घेतली होती आणि राक्षसाची गोष्ट रचलेली असल्याचं तो त्यांच्याकडेही मान्य करून गेला.

पंथाच्या दाव्यातला एक भाग मात्र तपासून पाहता आला. बर्कोविट्झने नॉर्थ डकोटाच्या पोलिसांना जादूटोण्यावरचं एक पुस्तक पाठवलं, त्यात ऑक्टोबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चर्चमध्ये मारल्या गेलेल्या अर्लिस पेरीबद्दल नोंद होती, पाठलाग करून मारली अशा अर्थाची. ती मूळची नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कची, म्हणून टेरीने हा खून देशव्यापी टोळीचा दुवा मानला, कितीतरी वर्षं तोच सगळ्यात भक्कम दुवा समजला जायचा. २०१८ मध्ये डीएनए जुळला तो त्याच रात्री तिथे ड्युटीवर असलेल्या सुरक्षारक्षकाशी, प्रेत सापडल्याचं सांगणारा पण तोच. पोलीस दारात आल्यावर त्याने स्वतःला गोळी घातली. कुठल्या पंथाचा संबंध पुढे आला नाही. टेरी डिसेंबर २०१५ मध्येच वारला होता. याँकर्सच्या अंटरमायर पार्कमधल्या, पंथाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या रात्रीच्या बैठका आणि तिथे सापडलेली मेलेली कुत्री यांच्याबद्दल एवढा ठोस निकाल कुठल्याच बाजूने लागलेला नाही.

हे सगळं लोंबकळत राहायचं मुख्य कारण म्हणजे खटलाच चालला नाही. ८ मे १९७८ ला बर्कोविट्झने गुन्हा कबूल केला, १२ जूनला प्रत्येक खुनासाठी २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली. उलटतपासणी नाही, स्केचेसवर प्रश्न नाहीत, मिनिटांचा हिशोब कोणी शपथेवर मांडला नाही. क्वीन्सचे जिल्हा सरकारी वकील जॉन सँटुची यांना साथीदार असल्याचा संशय होता आणि त्यांनी १९७९ मध्ये चौकशी पुन्हा सुरू केली, ब्रुकलिनच्या कार्यालयाला तशी गरज वाटली नाही. नवा आरोपी कोणी पुढे आला नाही. १९९६ मध्ये याँकर्स पोलिसांनी फाइल परत उघडली, तीही निष्कर्षाविना थांबली.

उपलब्ध पुरावा पाहता आठही हल्ले बर्कोविट्झनेच केले ही शक्यता जास्त धरावी लागते. फॉरेस्ट हिल्समधला मार्चचा खून आणि ब्रुकलिनची रात्र इथे रास्त शंकेला जागा उरते, देशव्यापी पंथाला मात्र स्टॅनफर्डच्या निकालानंतर फारसा आधार राहिलेला नाही. फ्लशिंगमध्ये डोक्यात गोळी लागूनही वाचलेल्या तरुणाने मात्र आपल्यावर गोळी झाडणारा बर्कोविट्झ नव्हता असं पुढे जाहीरपणे सांगितलं. बर्कोविट्झ २००२ पासून पॅरोलला पात्र आहे, अर्ज दर वेळी फेटाळला गेलाय.