उघाडीची झडप आणि नवी मुंबईचे तुंबलेले पाणी

नवी मुंबईत सखल भागात पाणी साचले की आधी नालेसफाईवरून ओरड होते, मग पंप का उशिरा सुरू झाले यावरून. खाडीच्या तोंडाशी टांगलेल्या लोखंडी झडपेचे नाव क्वचितच निघते. वाशी, कोपरखैरणे, नेरूळ, बेलापूर या भागांतले धारण तलाव, म्हणजे पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे तलाव, मात्र त्या झडपेच्याच भरवशावर आहेत. आणि झडपेची युक्ती शहरापेक्षा बरीच जुनी आहे.

ठाणे खाडीकाठी आणि पनवेल-पेण पट्ट्यात आगरी शेतकऱ्यांनी खाजणाच्या (भरतीचे पाणी चढणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीच्या) चिखलाचे बांध घालून भातशेती उभी केली. उधाणाचे पाणी बांधाने अडते. पण आतले पावसाचे पाणी बाहेर जायला वाट हवी, म्हणून बांधात दगडी मोरी बांधून तिच्या खाडीकडच्या तोंडावर झडप बसवत. हीच उघाडी. भरतीला बाहेरचे पाणी झडप दाबून धरते, ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून निघून जाते. माणसाने हात लावायची गरज नाही. पेण भागात अशा जमिनींसाठी शिलोत्री पद्धत होती: बांध घालणाऱ्या शिलोतरदाराने बाहेरचा बांध सांभाळायचा आणि त्याबदल्यात कसणाऱ्यांकडून भात घ्यायचा. दुरुस्ती कोणाची, हा प्रश्न त्यामुळे उरत नसे. पुढे १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने ही जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेली. शेतात एकदा खारे पाणी शिरले की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. त्यामुळे खेकड्याचे बीळ असो की झडपेची फट, गावाचे लक्ष असे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखले गेले. खाडीकाठची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली होती. ती सगळी भराव टाकून उचलायची तर डोंगरच्या डोंगर फोडावे लागले असते. म्हणून हॉलंडच्या धर्तीचा मार्ग निवडला गेला: बाहेर बांध, आत पावसाळी नाले, नाल्यांच्या शेवटी धारण तलाव आणि तलावाच्या तोंडावर झडपा. भरती असेपर्यंत पाऊस तलावात साठवायचा, ओहोटीला सोडून द्यायचा. थोडक्यात, उघाडीच, फक्त शेताच्या जागी वसाहत आली.

भरती-ओहोटीचे एक चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. त्यातला साधारण निम्मा वेळ झडप बंद राहते असे धरले, तर त्या सहा तासांचा पाऊस तलावात मावला पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. अशा दिवशी कुठलीही झडप पुरी पडत नाही, हे मान्य. प्रश्न रोजच्या पावसाचा आहे.

झडप वरच्या बिजागरीवर लोंबते आणि मोरीच्या चौकटीवर टेकते. चौकटीभोवती रबराची पट्टी असते. ओहोटी संपता संपता वाहून आलेला कचरा नेमका या जागी अडकतो. प्लास्टिकची बाटली दाबाने चेपून जाते, लाकूड चेपत नाही. १.२ मीटर लांबी-रुंदीच्या झडपेवर आत-बाहेरच्या पाण्यात अर्ध्या मीटरचा फरक असेल तर सुमारे ७२० किलोचा दाब येतो, तरी ५ सेंटिमीटर जाडीची फांदी तिला उघडीच ठेवते. खालची आणि दोन्ही बाजूंची फट मिळून ०.१२ चौरस मीटर भरते. तिच्यातून सेकंदाला सव्वादोनशे लिटर पाणी आत येते, म्हणजे चार तासांत ३२ लाख लिटर: दहा हजार लिटरचे ३२० टँकर. पाऊस सुरू व्हायच्या आधीच तलावातली तेवढी जागा गेलेली असते.

याशिवाय बिजागरीची खीळ गंजून जाम होते, चौकटीवर कालवे (शिंपले) धरतात, रबर कडक होऊन तडकते. बाहेर गाळ साचला तर झडप उघडतच नाही.

खरे नुकसान मात्र हळू होते. गळक्या झडपेतून आलेले भरतीचे पाणी गढूळ असते. तलावात ते स्थिरावते आणि गाळ खाली बसतो. एक हेक्टरच्या तलावात ३० सेंटिमीटर गाळ बसला की ३० लाख लिटरची जागा कायमची गेली. त्याच पाण्याबरोबर तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, शेंगा येतात आणि गाळात रुजतात. तिवरे वाढली की तिथे यंत्र घालता येत नाही: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. धारण तलावांचा गाळ काढणे परवानगीअभावी रखडते, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. तलावात तिवरांचे रान माजले आहे याचा एक अर्थ असाही होतो की झडप कित्येक वर्षे नीट मिटलेली नाही, हे त्या तक्रारीत कोणी सांगत नाही.

पंप बसवून ही चूक झाकता येत नाही. झडप गळत असताना पंप चालवला तर खाडीचे पाणी खाडीतच फिरत राहते.

तपासणीला कॉम्प्युटर लागत नाही, भरती-ओहोटीचे कोष्टक लागते. मे महिन्यातल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला दोनदा जायचे. ओहोटीच्या तळाला झडप हाताने उचलून सोडायची; ती आपोआप पुरती टेकली पाहिजे. चौकट खरवडायची, खीळ फिरते का पाहायचे. भरतीच्या माथ्याला आतल्या बाजूने पाहायचे: पाणी संथ असेल तर ठीक, भोवरा किंवा उकळी दिसली तर फट आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती तेवढी चढत नाही आणि गळकी झडपही धडधाकट दिसते, त्यामुळे कार्यालयाच्या सोयीने ठरवलेली पाहणी बहुतेक वेळा वाया जाते.