घरच्या टूथपेस्टला काय जमतं, काय जमत नाही

घरी टूथपेस्ट करायची सगळ्यांत जास्त फिरणारी कृती अशी आहे: दोन चमचे खाण्याचा सोडा, तेवढंच खोबरेल तेल आणि वर पुदिन्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब. ढवळलं की मऊ पांढरं मिश्रण तयार होतं. खोबरेल तेल 24 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे थंडीत हे मिश्रण बरणीत थिजून बसतं आणि उकाड्यात तेल वर, सोडा तळाशी राहतो. चव खारट, फेस जवळजवळ नाहीच. तरीही दात घासून त्यांवरून जीभ फिरवली की ते गुळगुळीत लागतात.

तो गुळगुळीतपणा खरा आहे, पण त्याचं श्रेय मुख्यतः ब्रशचं. दातांवर साचणारा प्लाक म्हणजे जिवाणूंचा चिकट थर. नुसत्या चुळा भरून तो जात नाही, तो घासूनच काढावा लागतो. पेस्ट लावून आणि पेस्ट न लावता ब्रश केल्यावर किती प्लाक निघतो, याची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. पेस्टमुळे प्लाक जास्त निघतो असं त्यात दिसलं नाही. फेसाचंही तसंच. तो येतो बहुतेक वेळा सोडियम लॉरिल सल्फेटमुळे. हा घटक नसलेली पेस्ट वापरल्यावर वारंवार तोंड येणाऱ्या काही लोकांना आराम पडतो. म्हणजे बाजारच्या पेस्टला पर्याय शोधणाऱ्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही.

सोडा मात्र या कामाला खरोखर चांगला पदार्थ आहे. तो मऊ असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापनावर तो अडीचच्या आसपास येतो, तर एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, पाचच्या. पेस्ट डेंटिनला, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थराला, किती झिजवते, याचंही एक प्रमाणित मापन आहे. त्यात 250 ही वरची मर्यादा मानतात, आणि नुसत्या सोड्याचा आकडा जेमतेम 7 आहे. शिवाय तो पाण्यात विरघळतो, म्हणून त्याचे कण हिरडीच्या कडेला अडकून राहत नाहीत. तो सौम्य अल्कधर्मी असल्यामुळे तोंडातलं आम्लही थोडा वेळ शमवतो.

कोळशाच्या पुडीचं नेमकं उलट आहे. ती विरघळत नाही. तिचे बारीक कण हिरडी आणि दात यांच्या फटीत, तसंच जुन्या फिलिंगच्या कडांना शिरतात आणि तिथे करडी रेघ दिसू लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात 2017 साली आलेल्या आढाव्यात कोळशाच्या मंजनांचे फायदे किंवा त्यांची सुरक्षितता सिद्ध करणारा पुरेसा पुरावा सापडला नव्हता.

लिंबाच्या रसाबद्दल मी जास्त कडक बोलेन: तो दातांना लावूच नका. सामू (pH) म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल तीव्र. तो 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच असतो. सामूच्या पट्टीवर एकेक अंक म्हणजे दहापट फरक, तेव्हा ही आम्लता त्या मर्यादेच्या हजारपट किंवा त्याहूनही जास्त भरते. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जी फसफस होते तो कार्बन डायऑक्साइड असतो. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि सफाईच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच नाहीशा होतात, त्यामुळे एकदा झिजलेला थर शरीर पुन्हा घडवू शकत नाही. लवंगेचं तेलही तीव्रच असतं. न मिसळता लावलं तर तोंडातली नाजूक त्वचा भाजते.

आता खरा अडचणीचा भाग. दात किडतो तो मळकट राहिल्यामुळे नव्हे, खनिजं गमावल्यामुळे. गोड खाल्लं की प्लाकमधले जिवाणू साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. काही मिनिटांत दाताच्या पृष्ठभागावरचा सामू झपाट्याने उतरतो आणि मूळ पातळीला यायला त्याला अर्धा ते एक तास लागू शकतो. मग लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसू लागतं. ही ये-जा दिवसभर चालू असते. बाजारच्या नेहमीच्या पेस्टमधलं फ्लोराइड इथेच उपयोगी पडतं. ते जवळ असलं तर खनिजं लवकर परततात, आणि परतलेला थर मूळच्या थरापेक्षा आम्लाला जास्त टिकाव धरतो. सामू 4.5 च्या आसपास उतरेपर्यंत तो तग धरू शकतो. वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2003 च्या आढाव्यात, फ्लोराइडची पेस्ट वापरणाऱ्या मुलांमध्ये कीड सुमारे 24 टक्क्यांनी कमी आढळली.

घरच्या मिश्रणात फ्लोराइड नसतं, आणि त्याची भरपाई म्हणून अंड्याच्या कवचाची पूड सुचवतात. ती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि ते लाळेत फारसं विरघळत नाही. तसंही निरोगी लाळेत कॅल्शियम भरपूर असतं. त्यामुळे ही पूड फक्त घासण्याचं काम करते. फ्लोराइड स्वतः घालण्याचा विचार तर करूच नये. नेहमीच्या पेस्टमध्ये ते ग्रॅमला एक ते दीड मिलिग्रॅम असतं. एवढं मोजमाप घरच्या काट्यावर होत नाही, आणि चुकून जास्त पडलं तर ते विषारी ठरतं.

म्हणून ज्यांचे दात सहज किडतात, ज्यांचं तोंड औषधांमुळे कोरडं पडतं आणि जी लहान मुलं आहेत, त्यांना केवळ घरच्या मिश्रणावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. फ्लोराइड नकोच असेल तर हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या पेस्ट आहेत. एनॅमल ज्या खनिजाचं बनलेलं असतं, तेच त्यांत बारीक कणांच्या रूपात असतं. जपानमध्ये कीड रोखणारा घटक म्हणून त्याला 1993 मध्ये मान्यता मिळाली, आणि काही चाचण्यांत त्याचे निकाल फ्लोराइडच्या जवळपास आले आहेत.

सोडा आवडत असेल तर तो सकाळी वापरा आणि रात्री झोपताना फ्लोराइडची पेस्ट. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचं घासणं जास्त मोलाचं. त्यानंतर फेस थुंकून टाका, पण चुळा भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहील. सोडा कोरडाच ठेवा. त्यात पाणी मिसळून ठेवलं आणि ओला ब्रश रोज त्याच बरणीत बुडवला, तर तिच्यात जिवाणू वाढायला वाव मिळतो. चिमूटभर सोडा तळहातावर घ्या, ओला मऊ ब्रश त्यात टेकवा आणि हिरडीच्या कडेला तिरपा धरून हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा.