आउटलुक हळू चालतंय? आधी पीएसटी फाइल बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठूनही फोन आला तरी तक्रार एकच: "सकाळी आउटलुक उघडायला लावलं की चहा पिऊन येईपर्यंत फिरतंच असतंय. नवा कॉम्प्युटर घेऊ का?"

एवढ्यात घेऊ नका. डॉक्युमेंट्समधला आउटलुक फाइल्स हा फोल्डर उघडा आणि पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक तुमचे मेल जिच्यात साठवतं ती फाइल, किती जीबीची झालीय ते बघा. फौंड्रीवाल्यांकडे हे हमखास दिसतं. कास्टिंगचं ८ एमबीचं ड्रॉइंग पर्चेस, क्वालिटी, डिस्पॅच असं ५ वेळा फॉरवर्ड झालं की एकट्या त्या ड्रॉइंगनं ४० एमबी खाल्ले. आउटलुक २०१० पासून पुढं पीएसटीची मर्यादा ५० जीबी आहे, पण १० जीबीनंतरच अडखळणं सुरू होतं.

मेल डिलीट केले, डिलीटेड आयटम्सही रिकामं केलं, तरी फाइल लगेच लहान होत नाही. आत मोकळी झालेली जागा ती धरून बसते. त्यासाठी क्लासिक (जुन्या पद्धतीच्या) आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स असं जाऊन आपली फाइल निवडा आणि सेटिंग्जमधलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' दाबा. याला तास-तास लागतात. म्हणून ऑफिस सुटताना लावा आणि यूपीएस चालू ठेवा.

खरा उपाय म्हणजे दर आर्थिक वर्षाची वेगळी पीएसटी. १ एप्रिलला नवी काढा, जुन्या वर्षाचे मेल त्या वर्षाच्या फाइलीत हलवा आणि ती जुनी फाइल आउटलुकमधून क्लोज करा. ती डिस्कवर राहतेच, लागेल तेव्हा उघडता येते. फक्त लक्षात ठेवा, तुमचे मेल सर्व्हरशी सिंक होत असतील तर हलवलेले मेल सर्व्हरवरून निघतात, मग फोनवर दिसत नाहीत. आणि जागा करायची म्हणून जुनी बिलं उडवू नका. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात.

चालू पीएसटी सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये किंवा पेनड्राइव्हवर ठेवून वापरू नका. मध्येच नेटवर्क तुटलं की फाइल खराब होते, वर्षांचा पत्रव्यवहार अडकतो आणि ग्राहकाचा चेहरा बघवत नाही. बॅकअप घेताना आउटलुक पूर्ण बंद करा, मगच फाइल एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा.

फाइल २० जीबीच्या वर गेली असेल किंवा उघडताना एरर देत असेल, तर काही करायच्या आधी तिची एक कॉपी काढा आणि आम्हाला फोन करा. तुमचं काम थांबू नये म्हणून आम्ही संध्याकाळी सहानंतर येतो.