स्वयंपाकघरातील पीव्हीसी फिल्म: पुसायची कशी, टाकायची कुठे

मॉड्युलर स्वयंपाकघरातील ज्या दारांना सुतार ‘मेम्ब्रेन शटर’ म्हणतात, त्यांच्यावर दिसणाऱ्या सागवानी रेषा लाकडाच्या नसतात आणि दुधी पांढरा रंग हाही खरे तर रंग नसतो. आत एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू राळेत दाबून तयार केलेली फळी असते आणि तिच्या दर्शनी बाजूवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, कडक पीव्हीसीची शोभिवंत फिल्म बसवलेली असते. पावसाळी रेनकोटचे किंवा टेबलावरच्या आच्छादनाचे पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे मृदुकारक द्रव्य भरपूर घालतात. या फिल्ममध्ये ते नसते किंवा अगदी थोडे असते, म्हणून ती कडक.

आमच्या घरी गॅसच्या उजव्या हाताला असलेल्या शटरची खालची कड सहाव्या वर्षी सुटली. प्रथम नखाएवढी, नंतर बोटभर, आणि दिवाळीच्या फराळानंतर पाहिले तर फिल्म कडेपासून आत सरकून आखडलेली होती. ती ओढून पुन्हा कडेपर्यंत पोहोचेना. याचे कारण ती बसवण्याच्या पद्धतीतच आहे. कारखान्यात फळीवर गोंद फवारतात, फिल्म तापवून मऊ करतात आणि खालची हवा शोषून घेऊन तिला फळीच्या खोबणींवर व कोपऱ्यांवर ताणून बसवतात. थंड झाल्यावर ती त्या ताणलेल्या अवस्थेतच गोठते. कडक पीव्हीसी साधारण 80 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उष्णतेनेच चिकटवलेला गोंद उष्णतेनेच ढिला होतो. त्यामुळे शेगडीची धग, ओव्हनच्या फटीतून येणारी गरम हवा किंवा शटरखाली ठेवलेल्या कुकरची वाफ रोज लागत राहिली की फिल्म आपल्या मूळ मापाकडे परत जाऊ पाहते. म्हणूनच ही दारे उकळत्या पाण्याने किंवा वाफेच्या यंत्राने धुऊ नयेत. कोमट पाणी पुरते.

खरी लढाई असते ती तेलाशी. फोडणीतून उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब दारावर बसतात, हवेतील ऑक्सिजनशी त्यांची हळूहळू प्रक्रिया होते, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा पिवळसर, चिकट, धूळ धरणारा थर बनतो. ताजे तेल पुसले की निघते. महिनाभर मुरलेला थर हा जवळजवळ वार्निशच असतो. त्यावर जोर चालत नाही, वेळ चालतो. भांडी घासण्याचे द्रव साबण कोमट पाण्यात मिसळून त्यात पिळलेला मऊ फडका दारावर पाच मिनिटे दाबून ठेवावा, मग वरून खाली पुसावे, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि शेवटी कोरडे करावे. फडका निथळता नसावा, कारण पीव्हीसीला पाण्याचे काही होत नाही, पण सुटलेल्या कडेतून आत गेलेले पाणी एमडीएफ पिऊन घेते आणि फुगलेली फळी पुन्हा बसत नाही. माझ्या पाहण्यात तरी फिल्म झिजून टाकलेली दारे कमी आणि खालून फुगून टाकलेली अधिक.

तारेची घासणी, भांड्यांची पावडर आणि हिरवा स्क्रबर वर्ज्य, हे बहुतेकांना ठाऊक असते. ‘जादूचा स्पंज’ म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज मात्र बिनधास्त वापरला जातो. तो मेलामाइनचा कडक फेस असतो आणि त्याचे काम अतिबारीक सँडपेपरसारखे चालते. मॅट फिल्मवर तो फिरवला की डाग जातो, पण त्या जागी चकाकणारा ठिपका कायमचा राहतो.

रसायनांच्या बाबतीत पीव्हीसी दणकट आहे. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा यांना ते दाद देत नाही. त्याचे वैर विशिष्ट द्रावकांशी आहे. प्लंबर पीव्हीसीचे पाइप जोडताना जे सोल्युशन लावतो, ते पाइपचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन आणि रंगाऱ्याचा थिनर हे त्याच गोतावळ्यातले, त्यामुळे दारावरचा स्टिकर काढायला थिनर वापरला की फिल्म त्या जागी फुगते, मऊ पडते आणि नक्षीसकट पुसट होते.

हळदीचा डाग हे आपल्याकडचे खास प्रकरण. त्यातील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की पिवळ्याचा तांबूस होतो आणि घाबरलेला माणूस आणखी जोराने घासू लागतो. घासण्याची गरज नसते. साबणाने तेल काढावे, राहिलेली पिवळी झाक स्पिरिट लावलेल्या कापसाने टिपावी (आधी बिजागरीकडच्या कडेवर पाहून, कारण दाराच्या आतल्या बाजूस बहुधा ही फिल्म नसतेच) आणि उरलेले काम उजेडावर सोडावे. कर्क्युमिन प्रकाशात विघटित होते. खिडकीसमोरच्या शटरवरचा डाग दोन-चार दिवसांत फिका पडलेला मी पाहिला आहे. कोपऱ्यातल्या शटरवरचा तसाच राहिला होता.

आता टाकण्याविषयी. पीव्हीसीच्या वजनातील सुमारे 57 टक्के भाग क्लोरीन असतो आणि तो मुळात मिठातून येतो. ही गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण विल्हेवाटीचे सगळे त्रांगडे तिच्यातूनच उभे राहते. घराचे नूतनीकरण झाले की जुनी शटर फोडून वॉचमनच्या शेकोटीत किंवा गावाकडे आंघोळीच्या बंबात जातात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, जो डोळ्यांच्या आणि घशाच्या ओलाव्यात मिसळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो. कमी तापमानाच्या, धुरकट आगीत डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्येही तयार होऊ शकतात. इटलीत सेव्हेसो येथे 1976 साली रासायनिक कारखान्यातील अपघाताने ज्याची ढगासारखी फवारणी झाली, ते याच कुळातले विष. 2001 च्या स्टॉकहोम करारात ती दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांत गणली गेली आणि भारताने 2006 मध्ये तो करार मान्य केला. शिवाय आतल्या एमडीएफमध्ये बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ असते, म्हणजे फिल्म सोलून काढलेली फळीदेखील सरपण नव्हे.

भंगारवाला ही दारे घेत नाही आणि त्याचे बरोबर आहे. फळीला चिकटलेली फिल्म वेगळी करण्याची मजुरी प्लास्टिकच्या किमतीहून जास्त होते. सुटी फिल्म त्याच्या पाण्याच्या बाटल्यांच्या पोत्यात टाकणे तर अधिक वाईट. बाटल्या ज्याच्या असतात ते ‘पेट’ (पीईटी) प्लास्टिक आणि पीव्हीसी यांची घनता जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात आणि तेथे वेगळी होत नाहीत. पेट वितळायला सुमारे 250 ते 260 अंश लागतात, आणि तोवर पीव्हीसी करपून आम्लवायू सोडू लागलेले असते. थोडीशी भेसळही पेटच्या घाण्यात काळे कण आणि पिवळेपणा आणते. सिमेंटच्या भट्टीलाही क्लोरीन नको असते, कारण त्याचे क्षार भट्टीच्या थंड भागात साठून मार्ग चोंदवतात.

पीव्हीसीचा पुनर्वापर होतच नाही असे मात्र नाही. युरोपात वर्षाला सात लाख टनांहून अधिक पीव्हीसी परत वापरात येते, पण त्यात मुख्यतः खिडक्यांच्या चौकटी, पाइप आणि केबल असतात. एकाच पदार्थाचे मोठे, सुटे तुकडे. इटलीतच फेरारा येथे 2002 पासून एक कारखाना पीव्हीसी द्रावकात विरघळवून, मिसळलेले बाकीचे पदार्थ गाळून, ते पुन्हा घनरूपात मिळवत असे, म्हणजे थिनरने दार बिघडते तीच रासायनिक युक्ती कामाला लावत असे. जुन्या मऊ पीव्हीसीतील मृदुकारकांवर निर्बंध आले आणि 2018 मध्ये तो बंद पडला.

आपल्याकडे घरातून निघणाऱ्या दोन-चार शटरसाठी अशी सोय हाताशी नाही, म्हणून दार शक्य तितके उशिरा टाकणे हाच मला सर्वांत शास्त्रीय मार्ग वाटतो. आमच्या सुताराने हीट गन मंद ठेवून, खिडक्या उघड्या ठेवून, सुटलेल्या कडेपासून फिल्म उसाच्या पाचटासारखी एका ओढीत सोलून काढली. पिवळी पडेपर्यंत किंवा झोंबरा वास येईपर्यंत तापवायची नाही, एवढेच पथ्य. फळी शाबूत होती. तिला प्रायमर आणि दोन हात रंग देऊन ती परत लावली. निघालेली फिल्म पुसून, गुंडाळून, वर ‘पीव्हीसी’ असे लिहून सुक्या कचऱ्यात इतर प्लास्टिकपासून वेगळी दिली. ती बहुधा कचरा डेपोतच गेली असेल, आणि जाळण्यापेक्षा तेही बरेच.

नवी शटर करून घेताना विचारण्यासारखा एक प्रश्न सुतारानेच सांगितला. शटर बनवणाऱ्या कारखान्यात दाबणीनंतर फिल्मच्या कडेच्या पट्ट्या कापल्या जातात, त्या एकाच जातीच्या आणि फळीपासून सुट्या असतात आणि रोज पोतेभर निघतात. त्यांचे काय करता, हे ऑर्डर देण्यापूर्वी विचारावे. त्याच्या ओळखीतल्या दोघांपैकी एक त्या पट्ट्या प्लास्टिक दळणाऱ्याला विकतो, दुसरा मागच्या अंगणात पेटवतो.