तीन बोटं तोंडात जातात का?

इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायच्या कृत्रिम दाताची, चौकशी करायला आलेला माणूस बहुतेक वेळा पडलेल्या दाताची जागा दाखवतो आणि पहिला प्रश्न खर्चाचा विचारतो. विदर्भातला अनुभवी दंतवैद्य मात्र त्याला आधी भलतंच काम सांगतो: "भाऊ, स्वतःची तीन बोटं जोडून उभी तोंडात घाला बरं." ती वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये सहज मावली, तर तोंड पुरेसं उघडतं. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडच्या तिशीतल्या पोराची दोनच बोटं कशीबशी आत जातात, तेव्हा गालाच्या आत काय झालंय हे आरसा लावण्याआधीच कळतं. खर्रा.

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार होणारा हा प्रकार आपल्याकडे चहाइतकाच सहज हातात येतो. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. लोक दोष तंबाखूला देतात. तोंड आखडण्याचं मुख्य कारण मात्र सुपारी आहे. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्यामुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे तंतू प्रमाणाबाहेर साठत जातात आणि ते मोडण्याची शरीराची क्रिया मंदावते. आधी ठेच्याचा घास तोंडात आग लावतो, मग अस्तर पांढुरकं पडतं, आणि पुढे गालात बोट फिरवलं तर ताठ दोऱ्या हाताला लागतात. डॉक्टर याला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. यातून पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत इम्प्लांटचा विषय मागे पडतो आणि तोंडाची नीट तपासणी पुढे येते. हेच बरोबर आहे.

तोंड उघडण्याचा इम्प्लांटशी संबंध अगदी सरळ आहे. हाडात भोक पाडणारं यंत्र आणि त्याला लावलेलं ड्रिल, दोन्ही मिळून दाढेच्या वर उभं मावलं पाहिजे. मागच्या दाढेसाठी साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा लागते. तेवढी नसेल तर ड्रिल तिरपं जातं, आणि तिरपा बसलेला इम्प्लांट पुढे चावण्याचा भार नीट पेलत नाही. खर्रा सोडला, तोंडाचे व्यायाम केले, उपचार घेतले तर थोडी जागा वाढते. पूर्वीसारखं तोंड सहसा उघडत नाही.

आता हाडाकडे वळू. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी त्यांना नंतर काढायची होती, पण ती हाडाशी इतकी एकजीव झाली होती की निघेना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. ते त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत, चाळीस वर्षांहून जास्त काळ, टिकले.

धातूभोवती हाड वाढून त्याला धरतं, पण त्यासाठी मुळात हाड हवं. बैलाचा खुंटा भेगाळलेल्या काळ्या रानात ठोकला तर चार दिवसांत हलायला लागतो, मुरमाच्या थरात गेला तर बैल हिसके देऊन थकतो. जबड्यातही जागोजागी असाच फरक असतो. खालच्या जबड्याचा समोरचा भाग घट्ट असतो, वरच्या जबड्याचा मागचा भाग जाळीदार आणि मऊ. वरच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी असते, खालच्या दाढांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. चार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसवायचा तर दोन्ही बाजूंना थोडं हाड शिल्लक राहिलं पाहिजे, म्हणजे रुंदी सहा-सात मिलिमीटर लागते. आणि खालच्या नसेपासून निदान दोन मिलिमीटर लांब राहावं लागतं.

हे माप साध्या एक्स-रेत पूर्ण दिसत नाही, कारण त्यात हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन काढतात. त्यात जबड्याचा आडवा काप पडद्यावर दिसतो आणि डॉक्टर माऊसने रेघ ओढून मिलिमीटर मोजतो. ती रेघ तुम्हालाही दाखवायला सांगा. बाहेरून गुबगुबीत दिसणाऱ्या हिरडीखाली हाडाची तीनच मिलिमीटरची धार उरल्याचं अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. एका एक्स-रेवर "होऊन जाते" म्हणणाऱ्याकडून निघून दुसरं मत घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं.

धार उरते ती उशिरामुळे. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. आपल्याकडे दाढ दुखली की तालुक्याला जाऊन काढून टाकायची आणि कापूस विकल्यावर बाकीचं पाहू म्हणायचं, ही रीत आहे. पैशाची अडचण खरीच असते. पण दाढ काढायच्या दिवशीच "पुढे इथे दात बसवायचा विचार आहे" एवढं सांगितलं, तर डॉक्टर जागा जपण्याचा उपाय सुचवू शकतो. हाड कमी पडलं तरी सगळं संपत नाही. हाडाची भर घालता येते, सायनसचं अस्तर वर उचलता येतं. मात्र खर्च आणि महिने दोन्ही वाढतात.

पायरियाने दात गेलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. जे जंतू दाताभोवतीचं हाड खातात तेच इम्प्लांटभोवतीचंही खातात, आणि इम्प्लांटला दुखण्याची जाणीव नसते, त्यामुळे हललं की मगच कळतं. हिरड्यांतून रक्त येणं आधी थांबायला हवं. बिडीचंही तसंच. धूर कोणताही असो, हिरडीचा रक्तपुरवठा घटतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतं.

साखर असली म्हणजे दरवाजा बंद, असं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सात टक्क्यांच्या आसपास असेल तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात. आठच्या वर असेल तर आधी साखर खाली आणायला सांगतात. ब्लडप्रेशर औषधाने काबूत असेल तर अडचण नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कुणी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दोन गोष्टी लोक सांगायला विसरतात. हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कर्करोगात घेतलेली हाडांची इंजेक्शनं, आणि तोंडा-गळ्यावर झालेलं रेडिएशन. दोन्हींमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, हाडाचा तुकडा मरू शकतो. जुनी फाइल सोबत न्या, ती नसेल तर औषधाची रिकामी बाटली तरी न्या. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तर आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. नुसता वाहक असलेल्याला सहसा अडचण येत नाही. आजार असलेल्याने मात्र आपल्या नेहमीच्या डॉक्टरची संमती घेतल्याशिवाय कोणतीही शस्त्रक्रिया ठरवू नये, कारण शरीरातलं पाणी कमी होणं किंवा जंतुसंसर्ग एवढ्यानेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फ्लोराइडच्या पाण्याने पिवळे-तपकिरी पडलेले दात दिसायला वाईट दिसतात, पण केवळ त्या डागांमुळे कुणी अपात्र ठरत नाही.

पंधरा वर्षांचा मुलगा गाडीवरून पडून वरचा समोरचा दात गमावतो, तेव्हा आईबापांना घाई असते. तिथे थांबावंच लागतं. शेजारचे दात जबड्याबरोबर खाली सरकत राहतात, इम्प्लांट हाडाला चिकटून जागच्या जागी राहतो, आणि काही वर्षांत तो दात इतरांपेक्षा आखूड दिसू लागतो. वाढ पूर्ण होईपर्यंत काढता-घालता येणारा साधा दात चालतो. वयाची वरची मर्यादा मात्र नाही. पंच्याहत्तरीतल्या आजीला नाही म्हणण्याचं कारण तिचं वय असू नये.

आजीबद्दल बोलायचं तर, सगळे दात गेलेल्या माणसाला प्रत्येक दातासाठी स्क्रू लागत नाही. खालची कवळी भाकर चावताना उचलली जाते ही नेहमीची तक्रार. तिच्याखाली समोरच्या घट्ट हाडात दोनच इम्प्लांट बसवून कवळी त्यांच्यावर बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं मत दिलं होतं. हाड पक्कं धरायला साधारण तीन महिने जातात, तोवर जुनी कवळी आतून मऊ करून वापरता येते. त्या बटणातली रिंग काही काळाने झिजते आणि बदलावी लागते, तेव्हा ती बदलायला नागपूर किंवा वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दंत महाविद्यालयात जावं लागेल की तालुक्यातच काम होईल, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.